उंबराला चीर देणारा संदेष्टा

‘उंबर फोडून केंबरं काढू नयेत’ असं आपण म्हणतो. ही केंबरं म्हणजे उंबराच्या पोटात वाढणाऱ्या चिमुकल्या गांधीलमाश्या. आमोस नावाच्या हिब्रू संदेष्ट्याचं पोट या केंबरांवर मात करण्याच्या कसबावरही चालत होतं.

आमोस इ.स.पू. आठव्या शतकातला, बेथलेहेमच्या दक्षिणेकडच्या तकोवा गावचा. हे गाव दक्षिणेकडच्या यहूदा राज्यात होतं. उत्तरेकडच्या इस्राएल राज्यात, बेथेलच्या मंदिरात, तो तिथल्या राजाविरुद्ध बोलू लागला, तेव्हा पुरोहित अमस्याने त्याला ‘यहूदात जा आणि तिथेच पोट भर’ असं सुनावलं. आमोसचं उत्तर साधं होतं: मी संदेष्टा नाही, गुरं राखतो आणि उंबरांचं काम करतो. मराठी बायबलमधला ‘उंबर’ वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनेही फारसा चुकीचा नाही. तिथलं झाड आपल्या उंबराचा जवळचा भाऊबंद आहे आणि त्याचीही फळं खोडाला लगडतात.

‘काम’ म्हणजे नेमकं काय? मूळ हिब्रूतलं क्रियापद बायबलमध्ये एवढ्या एकाच ठिकाणी येतं. पण ग्रीक भाषांतरात त्याजागी ओरखडणं, चीर देणं अशा अर्थाचा शब्द आहे. थिओफ्रास्टस हा ग्रीक अभ्यासकही लिहितो, की इजिप्तमध्ये ही फळं लोखंडी नखांनी ओरखडतात आणि चौथ्या दिवशी ती पिकतात.

यामागचं कारण विसाव्या शतकात उलगडलं. हे झाड मूळ आफ्रिकेचं. माणसाने ते इजिप्त आणि पॅलेस्टाइनमध्ये आणलं, पण त्याचं परागीभवन करणारी माशी मागेच राहिली. त्यामुळे तिथे फळात बी धरत नाही. आली ती दुसरीच एक माशी, फुकट राहणारी पोटभाडेकरू. फळ आपल्या गतीने वाढू दिलं, तर त्यात तिचीच पिल्लावळ भरते. कोवळ्या फळाला चीर दिली, की जखमेतून इथिलीन वायू सुटतो आणि केंबरं तयार होण्याआधीच फळ फुगून गोड होतं. आंब्याच्या आढीत कोंडून धरतात, तोच हा वायू. फळागणिक एक चीर, तीही झाडावर चढून! तकोवाच्या उंचीवर हे झाड तगत नाही, म्हणजे या कामासाठी आमोसला सखल मुलखात उतरावं लागत असणार.

अशा माणसाला दृष्टान्तात टोपली दिसली, तीही पिकलेल्या फळांची. देव विचारतो, ‘काय दिसतं?’ आमोस म्हणतो, ‘कयित्स’, म्हणजे उन्हाळी फळं. देव म्हणतो, ‘माझ्या इस्राएल लोकांचा केत्स आला आहे’, म्हणजे शेवट. भाषांतरात हा श्लेष सपशेल मरतो. उत्तरेकडच्या लोकांना तर तो जास्तच झोंबला असेल. उत्तरेकडच्या राज्याची राजधानी शोमरोन, तिथे सापडलेल्या खापरांवरच्या नोंदींत ‘यायिन’ (द्राक्षारस) हा शब्द एक ‘य’ गाळून लिहिला आहे; उत्तरेत ‘आयि’चा ‘ए’ होई. म्हणजे त्यांच्या तोंडी फळंही ‘केत्स’ आणि शेवटही ‘केत्स’. टोपलीकडे बोट दाखवलं, की शिक्षा उच्चारून झालीच.

आमोसच्या पुस्तकाचं पहिलं वाक्य त्याचा काळ सांगतं: ‘भूकंपाच्या दोन वर्षं आधी’. कुठला भूकंप, हे सांगायची गरजच वाटलेली नाही. मृत समुद्राजवळून मोठा प्रस्तरभंग जातो. तिथे भूपट्ट एकमेकांना घासत सरकतात. उत्तरेकडच्या हासोर या प्राचीन नगराच्या उत्खननात त्याच काळाच्या थरात कललेल्या भिंती आणि कोसळलेली छपरं सापडली. 2021 साली जेरुसलेममध्येही त्याच शतकातली फुटक्या भांड्यांची रास निघाली. तिथे आगीची खूण नव्हती, म्हणून संशोधकांचा रोख भूकंपाकडे आहे. बायबलमधल्या, काही शतकांनंतरच्या जखऱ्याच्या पुस्तकातही लोकांना बजावलं आहे: उज्जीया राजाच्या (आमोसच्या काळातल्या यहूदाच्या राजाच्या) दिवसांत भूकंपामुळे पळालात, तसे पळाल.