रंग (संगणक ग्राफिक्समधील)

संगणकाच्या पडद्यावरचा प्रत्येक रंग तांबडा, हिरवा आणि निळा या तीन प्रकाशांच्या मिश्रणातून दाखवला जातो. तीनच का, याचे उत्तर प्रकाशात नसून माणसाच्या डोळ्यात आहे. सुमारे ३८० ते ७५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश आपल्याला दिसतो. तो टिपणाऱ्या दृष्टिपटलावरील शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात. आपण किती उद्दीपित झालो एवढेच शंकुपेशी कळवते. कोणत्या तरंगलांबीमुळे, हे तिला सांगता येत नाही. म्हणून घडण वेगळी असलेले दोन प्रकाश तिन्ही प्रकारच्या पेशींना सारखेच उद्दीपित करत असतील, तर ते एकाच रंगाचे दिसतात. याला मेटॅमेरिझम म्हणतात आणि संगणक ग्राफिक्सचा सारा डोलारा त्यावर उभा आहे.

मोबाइलवर हळदीचा फोटो उघडून पिवळ्या भागावर पाण्याचा बारीक थेंब ठेवला, तर भिंगासारख्या त्या थेंबातून तांबडे आणि हिरवे ठिपके दिसतात. पिवळा ठिपका तिथे नसतोच. प्रत्यक्ष हळदीवरून मात्र पिवळ्यासह हिरव्या-तांबड्या पट्ट्यातला सलग प्रकाश परावर्तित होतो.

१९२० च्या दशकात इंग्लंडमध्ये राइट आणि गिल्ड या शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे केलेल्या प्रयोगांत एकूण १७ निरीक्षकांनी तीन प्रकाश मिसळून वर्णपटातले रंग जुळवले. त्यावरून सीआयई या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९३१ मध्ये ‘प्रमाण निरीक्षक’, म्हणजे सरासरी डोळा कोणत्या प्रकाशाला कसा प्रतिसाद देतो याचे आकडे, निश्चित केला. इंटरनेटवर रूढ असलेली एसआरजीबी ही रंगपद्धती त्याच मोजमापावर बेतलेली आहे. तिच्यात तांबडा, हिरवा आणि निळा यांपैकी प्रत्येक घटकाला ० ते २५५ असे मूल्य मिळते. एकंदर १,६७,७७,२१६ रंग होतात.

ही मूल्ये प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात. अंधूक छटांतला फरक डोळ्याला अधिक जाणवत असल्याने त्यांना जास्त आकडे दिले आहेत. तिन्ही घटक १२८ असलेला राखाडी पांढऱ्याच्या जेमतेम २२ टक्के प्रकाश देतो. हे विसरून दोन रंगांच्या आकड्यांची थेट सरासरी काढली, की तांबडा आणि हिरवा मिसळतात तिथे काळपट पट्टा उमटतो. नवशिक्यांच्या प्रोग्राममध्ये ही चूक हमखास आढळते. आकडे आधी प्रकाशाच्या प्रमाणात बदलून मगच मिसळायला हवेत.

डोळ्याला दिसणारे सगळे रंग तीन प्रकाश मिसळून साधत नाहीत. ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या लेसरचा झळझळीतपणा एसआरजीबीच्या आवाक्याबाहेरच राहतो. लेसर प्रोजेक्टर असे झळझळीत रंग दाखवतात. पण त्यांचे प्रकाश फारच अरुंद पट्ट्यांतले असल्यामुळे प्रत्येकाच्या डोळ्यांतले छोटे फरकही उघडे पडतात आणि शेजारी बसलेल्या दोघांना एकच पांढरा किंचित वेगळा दिसू शकतो.