स्वमग्नतेचे निदान आणि बालगुन्हेगारांची शिक्षा (भारत)

स्वमग्नतेचे (ऑटिझमचे) निदान झाले म्हणून भारतात शिक्षा आपोआप कमी होत नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात स्वमग्नता नोंदलेली आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमात मात्र तिच्यासाठी स्वतंत्र तरतूद नाही. त्यामुळे निदान कोणत्या टप्प्यावर आणि कोणत्या शब्दांत मांडले जाते, यावर बरेच अवलंबून राहते.

पहिला टप्पा सामाजिक अन्वेषण अहवालाचा, म्हणजे मुलाच्या घरच्या-शाळेच्या पार्श्वभूमीच्या चौकशीचा. विधिसंघर्षग्रस्त बालकाला (गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलाला) बाल न्याय मंडळापुढे प्रथम हजर केल्यापासून १५ दिवसांत परिवीक्षा अधिकाऱ्याने (प्रोबेशन ऑफिसरने) तो द्यायचा असतो. शाळेचे शेरे, उशिरा आलेले बोलणे, बालरोगतज्ज्ञांची जुनी कागदपत्रे याच वेळी जोडावीत. स्वमग्नतेची लक्षणे लहानपणापासून असतात. अटकेनंतर केलेल्या निदानाला जुन्या नोंदींचा आधार नसेल तर सरकारी पक्ष ते बनाव ठरवू पाहतो.

खरा कस लागतो प्राथमिक मूल्यांकनात, कारण मुलावर प्रौढाप्रमाणे खटला चालवायचा का, हे त्यावर ठरते. किमान ७ वर्षे शिक्षेचा गुन्हा आणि वय १६ ते १८ असेल, तर मंडळ ३ महिन्यांत मुलाची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत आणि गुन्ह्याची परिस्थिती तपासते. प्रकरण मंडळाकडेच राहिले तर जास्तीत जास्त ३ वर्षे विशेष गृह. बाल न्यायालयाकडे गेले तर प्रौढाप्रमाणे खटला चालू शकतो. तिथेही फाशी किंवा सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप देता येत नाही. मंडळात बालमानसशास्त्र वा बालमनोविकारशास्त्राचा पदवीधर नसेल, तर तज्ज्ञाची मदत घेणे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बंधनकारक ठरवले.

नेमके इथेच बिनसते. तज्ज्ञाच्या अहवालात नुसता बुद्ध्यंक (आयक्यू) असतो. तो सामान्य निघाला की ‘परिणाम कळतात’ असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. ‘चोरी चूक आहे’ हे पाठ असणे वेगळे आणि मित्र आपल्याला वापरून घेतो आहे हे ओळखता येणे वेगळे. नजर न मिळवणे, सपाट आवाज, अवेळी हसू यांना पश्चात्तापाचा अभाव समजले जाते. प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणण्याची सवय कबुलीजबाब वाटते. चांगला अहवाल अशी लक्षणे त्या दिवसाच्या कृतीशी जोडून दाखवतो, आणि संबंध नसेल तर तसेही लिहितो.

दिव्यांगत्वाच्या टक्केवारीचा इथे फारसा उपयोग नाही. स्वमग्नता मोजणाऱ्या आयएसएए या भारतीय मापनश्रेणीत ४० बाबींना १ ते ५ गुण देतात; ७० पेक्षा कमी गुण म्हणजे स्वमग्नता नाही. ही मोजणी प्रमाणपत्रासाठी असते, दोषाचे माप म्हणून नव्हे. मनोविकलतेचा बचावही (भारतीय न्याय संहिता, कलम २२) क्वचितच लागू पडतो, कारण कृत्याचे स्वरूप किंवा ते गैर असल्याचे कळतच नव्हते, हे सिद्ध करावे लागते.

१८ ते २१ वयोगटाला १९५८ चा अपराधी परिवीक्षा अधिनियम आधार देतो. जन्मठेपेस पात्र नसलेल्या गुन्ह्यात कारणे नोंदवल्याशिवाय कैद देता येत नाही आणि त्याआधी परिवीक्षा अहवाल मागवावा लागतो.

परिवीक्षेच्या अटी थेट शब्दांत असाव्यात. ‘चांगली वर्तणूक ठेव’ यातून असा मुलगा काहीच घेत नाही. ‘संध्याकाळी ७ नंतर त्या दुकानापाशी जायचे नाही’ हे तो तंतोतंत पाळू शकतो.