हेल्मेटच्या काचेवर धरणारी वाफ

हेल्मेटच्या काचेवर आतून श्वासातल्या बाष्पाचे बारीक थेंब जमून समोरचे अंधूक होणे, याला बोलीत काचेवर वाफ धरणे म्हणतात. पावसाळ्यात सह्याद्रीचे घाट चढताना आणि डिसेंबर-जानेवारीत उत्तर भारताच्या मैदानी पट्ट्यात पहाटेच्या वेळी हा त्रास फार होतो. बाहेर धुके असले की काच धुक्यानेच माखली, असा समज सहज होतो. पण काचेच्या दोन बाजूंवरचे पाणी वेगवेगळे असते: बाहेरचे आभाळातले, आतले आपल्याच नाकातोंडातले. त्यांचे उपायही वेगळे, किंबहुना एकमेकांच्या उलट आहेत. हे ध्यानात न घेता लेपाची एकच बाटली दोन्ही बाजूंना फासली जाते आणि मग औषधच वाईट ठरते.

बाहेर पडणारा श्वास सुमारे ३४ अंश सेल्सिअसचा आणि बाष्पाने जवळजवळ भरलेला असतो. त्या तापमानाच्या एक घनमीटर हवेत ३७ ग्रॅमच्या आसपास बाष्प मावते. हवा २० अंशांवर आली की १७ ग्रॅम मावते, १० अंशांवर साडेनऊ ग्रॅमसुद्धा नाही. काच पॉलिकार्बोनेट या कडक प्लास्टिकची, पातळ. बाहेरचा ओला वारा तिला सतत थंड ठेवतो. तिला टेकलेल्या श्वासातले जास्तीचे पाणी तिथेच बसते. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, त्यातलाच हा प्रकार.

घाटात हे जास्त का होते, तेही यातूनच कळते. आंबोलीला किंवा ताम्हिणीत जुलै महिन्यात जे धुके म्हणून दिसते ते खरे तर ढगच असतात. अरबी समुद्रावरून आलेली दमट हवा डोंगराला आदळून वर चढते, थंड होते आणि रस्त्याच्या उंचीवरच तिचे ढग होतात. म्हणजे बाहेरची हवाही बाष्पाने भरलेलीच, ती आत घेऊन काच चटकन कोरडी होत नाही. त्यात चढावर एसटीच्या मागे वीस-पंचवीसच्या वेगाने जाताना हेल्मेटच्या हवाछिद्रांतून वारा आत शिरत नाही, आणि वळणावळणाला ताण आल्याने श्वास मात्र जोराने चालतो.

पाणी स्वतः पारदर्शक असते. अडचण त्याच्या आकाराची आहे. स्वच्छ प्लास्टिकवर पाणी पसरत नाही, थेंबाथेंबाने उभे राहते, आणि प्रत्येक थेंब इवल्याशा भिंगासारखा प्रकाश वाकवतो. समोरून आलेल्या ट्रकचे दोन दिवे त्या हजारो थेंबांत फुटतात आणि काचभर पांढरा उजेड पसरतो. रस्त्याच्या कडेचा पांढरा पट्टा, कठडा, पायी चालणारा माणूस, सगळे त्या उजेडात बुडते. तेच पाणी सपाट, पातळ थर होऊन पसरले तर आरपार दिसते. वाफ धरू न देणाऱ्या बहुतेक लेपांचे काम इतकेच: आतल्या बाजूला पाणी पसरवायचे. साबणाने हेच होते, कारण साबण पाण्याचा पृष्ठताण कमी करतो. भांडी घासण्याच्या पातळ साबणाचा एक थेंब आतून बोटाने सारखा पसरावा, सुकू द्यावा आणि मऊ सुती कापडाने काच पुन्हा लख्ख दिसेपर्यंत हलकेच पुसावी. दिवसभराच्या प्रवासाला हे बऱ्याचदा पुरते. मात्र थर जाड राहिला तर घामाबरोबर ओघळून डोळ्यांत जातो आणि नेमक्या अवघड वळणावर डोळे चुरचुरतात. मालवण-तारकर्लीला पाण्याखाली उतरणारे पाणबुडे मास्कच्या काचेला आतून थुंकी चोळून विसळतात, तीही याच तत्त्वावर.

या साध्या गोष्टीची किंमत अंतराळातही मोजावी लागली आहे. ५ जून १९६६ रोजी जेमिनी ९ए यानाबाहेर पडलेले अमेरिकी अंतराळवीर युजीन सर्नन दोन तासांहून अधिक काळ यानाबाहेर होते. श्रमाने त्यांना इतका घाम आला की शिरस्त्राणाची काच आतून पार आंधळी झाली आणि ठरलेले काम सोडून त्यांना परतावे लागले. काच पुसायला हात आत जाणार कसा? त्यांनी नाक टेकवून काचेत पाहण्यापुरती जागा केली. पुढच्या मोहिमांत काचेला आतून धुकेरोधक द्रव लावला जाऊ लागला.

लेपापेक्षा खात्रीचा उपाय म्हणजे काचेच्या आत बसवायची दुसरी पातळ काच. नेदरलँड्समधील पिनलॉक कंपनीच्या नावानेच ती ओळखली जाते. मूळ काचेला दोन खुंट्या असतात, त्यांत ही काच ताणून बसते, आणि तिच्या कडेची सिलिकॉनची बारीक वळी दोन्हींमध्ये हवा कोंडून ठेवते. कोंडलेली हवा उष्णता वाहू देत नाही, म्हणून आतली काच थंड पडत नाही; शिवाय तिचे प्लास्टिक थोडे बाष्प शोषूनही घेते. ती वळी सगळीकडून टेकली आहे ना, हे उजेडात धरून पाहावे. एका कोपऱ्यात जरी फट राहिली तरी बाष्प दोन काचांमध्ये शिरते आणि तिथे बोट पोहोचत नाही. खुंट्या थोड्या फिरवून ताण वाढवता येतो. आतली काच मऊ असते. कोरड्या रुमालाने एकदा जरी घासली तरी चरे पडतात.

श्वास काचेपर्यंत जाऊच न देणे, हेही तितकेच महत्त्वाचे. हेल्मेटच्या आत नाकावर बसणारी पट्टी श्वास खाली वळवते. ती अडगळ म्हणून काढून फेकू नये. आपल्याकडे नाकावरून घट्ट रुमाल किंवा स्कार्फ गुंडाळण्याची सवय आहे. तो खालून बंद आणि वरून सैल असला की प्रत्येक श्वास थेट डोळ्यांकडे जातो. चष्मा असेल तर आधी चष्मा धुरकटतो, मग काच. पावसात रुमाल नाकाखाली तरी घ्यावा, नाहीतर नाकाच्या दांड्यावर घट्ट बसवावा. काच एक खाच उघडी ठेवणे हा जुना आणि बिनपैशाचा उपाय. पाऊस जोराचा नसेल तर तोच सर्वांत चांगला.

बाहेरच्या बाजूला नेमके उलटे करायचे असते. तिथे पाणी थांबूच नये, घरंगळून जावे, म्हणून पाणी झटकणारा लेप लावतात. वेगात डोके किंचित बाजूला वळवले की वाऱ्याने थेंब सरकतात. घाटातल्या वेगाला सरकत नाहीत. काही पावसाळी हातमोज्यांच्या डाव्या अंगठ्यावर किंवा तर्जनीवर काच पुसायला रबराची बारीक पट्टी शिवलेली असते. उजवा हात अॅक्सिलरेटर आणि पुढच्या ब्रेकवर असतो, म्हणून ती डावीकडे. चिखलाचे शिंतोडे असताना मात्र आधी पाणी ओतावे. कोरडी वाळू फिरवली की काच कायमची चरते आणि रात्री प्रत्येक चऱ्यावर उजेड फाटतो.

टूथपेस्ट खरखरीत असते, ती लावू नये. पेट्रोल, थिनर आणि अमोनिया असलेली काच पुसण्याची द्रव्ये पॉलिकार्बोनेटला तडे पाडतात. काळी काच धुक्यात वापरूच नये: युरोपच्या ईसीई २२.०५ या हेल्मेटच्या मानकात ८० टक्क्यांहून कमी प्रकाश आत सोडणाऱ्या काचेवर ती फक्त दिवसा वापरायची असल्याची खूण बंधनकारक होती, आणि ढगात शिरलेला घाट भर दुपारीही दिवसासारखा नसतो. एवढे करूनही दिसेनासे झाले तर काच पूर्ण वर करून वेग कमी करावा आणि रुंद, मोकळी जागा दिसताच रस्ता सोडून थांबावे. वळणावर थांबू नये. मागून येणाऱ्याची काचही तशीच धुरकट असू शकते.