स्टेनिंग डेव्हलपर

स्टेनिंग डेव्हलपर म्हणजे ब्लॅक अँड व्हाइट फिल्म धुवायचं असं रसायन, जे निगेटिव्हवर चांदीची इमेज तर उमटवतंच पण सोबत त्याच जागी, चांदीच्याच प्रमाणात, एक रंगही सोडतं. हा रंग डेव्हलपरप्रमाणे पिवळट-हिरवा किंवा तपकिरी असतो आणि त्यालाच स्टेन म्हणतात. मुख्य रसायनं दोन, पायरोगॅलॉल आणि कॅटेकॉल, आणि बोलताना दोघांनाही सरसकट 'पायरो' म्हटलं जातं.

नेहमीच्या डेव्हलपरमध्ये भरपूर सोडियम सल्फाइट असतं. एक्स्पोज झालेल्या सिल्व्हर हॅलाइडची चांदी करताना डेव्हलपर स्वतः ऑक्सिडाइज होतो, आणि तो खराब झालेला माल सल्फाइट लगेच निकामी करून टाकतं. पायरोमध्ये सल्फाइट मुद्दाम अगदी थोडं ठेवतात, त्यामुळे तो माल तिथल्या तिथे जिलेटिनला जाऊन चिकटतो, त्याला रंगवतो आणि कडकही करतो. जिथे चांदी जास्त तिथे स्टेन जास्त, असं सरळ गणित आहे. जिलेटिन कडक झाल्याने इमेज आजूबाजूला फारशी पसरत नाही, कडा धारदार येतात, ओल्या फिल्मवर ओरखडेही कमी पडतात. ग्रेनच्या, म्हणजे चांदीच्या कणांच्या, मधल्या फटी स्टेनने भरतात म्हणून प्रिंटमध्ये ग्रेन मऊ दिसतो, पण लहान फिल्मवर हा फरक किती जाणवतो यावर लोक अजून भांडतात.

पण पायरोची खरी गंमत अशी की हा स्टेन आपल्या डोळ्याला जेवढा दिसतो त्याहून कितीतरी जास्त कागदाला दिसतो! प्रिंटिंग पेपर निळ्या प्रकाशाला सेन्सिटिव्ह असतो आणि पिवळा रंग नेमका निळा प्रकाश अडवतो. म्हणून पायरोची निगेटिव्ह लाइट टेबलवर पातळ, मरतुकडी दिसते आणि नवखा माणूस पुढच्या वेळी डेव्हलपिंगचा वेळ वाढवून बसतो, मग प्रिंट करायला गेलं की हायलाइट, म्हणजे फोटोतले उजळ भाग, पार जाड झालेले. डेन्सिटोमीटर, म्हणजे निगेटिव्हची डेन्सिटी (गडदपणा) मोजणारं यंत्र, असेल तर रीडिंग निळ्या फिल्टरमधून घ्यावं, नसेल तर सरळ टेस्ट स्ट्रिप, म्हणजे कागदाच्या तुकड्यावर चाचणीची प्रिंट, काढावी, डोळ्यावर विसंबू नये.

व्हेरिएबल कॉन्ट्रास्ट पेपरवर प्रकार आणखी मजेशीर होतो. या पेपरला निळा प्रकाश मिळाला तर कॉन्ट्रास्ट वाढतो, हिरवा मिळाला तर कमी होतो. आता स्टेन हायलाइटमध्ये सगळ्यात जास्त आणि शॅडोमध्ये, म्हणजे गडद भागात, जवळजवळ नाहीच, म्हणजे निगेटिव्हमध्येच एक सॉफ्ट फिल्टर बसलेला आहे जो फक्त हायलाइटपुरता चालतो. ढग, पांढरे कपडे, पाण्यावरची चमक यातले डिटेल त्यामुळे सहज छापले जातात, शॅडोचा कॉन्ट्रास्टही पडत नाही. ठराविक ग्रेडच्या, म्हणजे कॉन्ट्रास्ट न बदलणाऱ्या, पेपरवर हे होत नाही, तिथे स्टेन म्हणजे नुसती जास्तीची डेन्सिटी, म्हणून तीच निगेटिव्ह तिथे जास्त कॉन्ट्रास्टी छापली जाते. प्लॅटिनम प्रिंटसारख्या यूव्हीवर चालणाऱ्या प्रोसेसमध्ये तर स्टेन आणखी जास्त प्रकाश अडवतो.

रसायन म्हणून पायरोगॅलॉल जुनंच. १७८६ मध्ये रसायनशास्त्रज्ञ शेले यांनी ते मिळवलं आणि १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी वेट कोलोडियनच्या (ओल्या थराच्या) काचेच्या प्लेट त्यात डेव्हलप केल्या. पुढे मेटॉल-हायड्रोक्विनोनचे डेव्हलपर आल्यावर पायरो मागे पडलं तरी एडवर्ड वेस्टन यांच्यासारखे फोटोग्राफर त्याला धरून होते. आत्ताची लाट मात्र गॉर्डन हचिंग्ज यांच्या पायरोगॅलॉलवाल्या पीएमके फॉर्म्युल्यापासूनची, आणि नंतर सँडी किंग यांचं कॅटेकॉलवालं पायरोकॅट-एचडी आलं, ज्याचा स्टेन तपकिरी असतो.

घरी करायला हे अवघड नाही. ए आणि बी अशा दोन बाटल्या असतात, पीएमकेसाठी १ भाग ए, २ भाग बी आणि १०० भाग पाणी, पायरोकॅट-एचडीला १:१:१००. ए बाटलीत बराच काळ टिकतं पण मिसळलेलं द्रावण हवेने झपाट्याने मरतं, म्हणून टँकमध्ये ओतायच्या अगदी आधी मिसळायचं, एकदाच वापरायचं आणि टाकून द्यायचं. आधी फिल्म साध्या पाण्यात भिजवून घेतात. अ‍ॅजिटेशनमध्ये, म्हणजे टँक हलवण्यात, आळस केला तर पीएमके पट्टे पाडतं, दर १५ सेकंदांनी टँक उलटवायचा. पायरोकॅट याबाबत बरंच सहनशील आहे, काही जण त्यात मुद्दाम फार कमी हलवून कडा आणखी धारदार करतात. डेव्हलपिंग थांबवणाऱ्या स्टॉप बाथच्या जागी साधं पाणी चालतं. इमेज पक्की करणारा फिक्सर अल्कलाइन किंवा न्यूट्रल घेतात, आणि फिक्सनंतर सल्फाइटवालं क्लिअरिंग बाथ टाळतात कारण त्याने स्टेन कमी होऊ शकतो. फिक्स झालेली फिल्म पुन्हा वापरलेल्या डेव्हलपरमध्ये बुडवा असा जुना सल्ला सापडेल, त्याने रंग वाढतो खरा पण तो सगळीकडे सारखाच वाढतो, म्हणजे नुसता फॉग (सगळीकडचा धुरकटपणा), त्यामुळे आता बहुतेकांनी ते सोडलंय. फिल्मचा स्पीडही बऱ्याचदा डब्यावरच्यापेक्षा कमी धरावा लागतो.

विषारीपणाचं मात्र हसण्यावारी नेऊ नये. पायरोगॅलॉल आणि कॅटेकॉल दोन्ही कातडीतून शरीरात शिरतात. नायट्राइलचे हातमोजे हवेतच, ट्रेमध्ये उघड्या हाताने शीट फिल्म उलटायची नाही, आणि सगळ्यात धोका पावडर तोलताना कारण ती उडते आणि श्वासात जाते. त्यापेक्षा तयार लिक्विड घेतलेलं परवडलं. मापं, बाटल्या वेगळ्या ठेवायच्या, स्वयंपाकघरात परत न्यायच्या नाहीत.

स्कॅन करणाऱ्यांसाठी एवढंच, की रंगीत स्कॅन केला तर ब्लू चॅनलमध्ये स्टेन पूर्ण धरला जातो आणि कॉन्ट्रास्ट जास्त येतो, रेडमध्ये तो जवळजवळ गायब असतो, तेव्हा तिन्ही चॅनल वेगवेगळे बघून जो बरा वाटेल तो ठेवावा.