रोमन मेजवानी

प्राचीन रोममधल्या सधन घरांत संध्याकाळी आमंत्रितांना दिले जाणारे जेवण. लॅटिनमध्ये त्याला ‘कॉन्व्हिव्हियम’ म्हणत. शब्दाचा मूळ अर्थ एकत्र जगणे. दालन, भित्तिचित्रे, संगीत आणि सुवास ही सगळी जेवणाचीच अंगे मानली जात. म्हणून आज कोणी अशी मेजवानी नव्याने उभी करू लागले, तर नुसते पदार्थ रांधून भागत नाही.

जेवणाचे दालन म्हणजे ‘त्रिक्लिनियम’. तीन बाजूंना तीन रुंद बैठका, एकेकीवर तिघे, असे नऊ जण डाव्या कोपरावर रेलून उजव्या हाताने जेवत. काटे नव्हते, बोटे आणि चमचा. ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेई या रोमन शहरातील एका घरात अशा दालनाच्या भिंतीवर पाहुण्यांसाठी नियमच रंगवलेले आहेत : पोऱ्याने पाय धुऊन पुसावेत, दुसऱ्याच्या बायकोकडे वाईट नजरेने पाहू नये, भांडण टाळता येत नसेल तर आपल्या घरी जावे. पाय धुणारा तो पोऱ्या गुलाम असे, हे आजच्या देखण्या प्रयोगांतून गळून जाते. ते गळू नये. व्हॅटिकनच्या संग्रहालयातील एका कुट्टिमचित्रात (रंगीत तुकडे जडवून केलेल्या जमिनीवरील चित्रात) जेवणानंतरची न झाडलेली जमीन दाखवली आहे : माशांचे काटे, शिंपले आणि अक्रोड कुरतडणारा उंदीर. सम्राट टायबीरिअस तर इटलीतील स्पर्लाँगा येथे समुद्रकाठच्या गुहेत जेवत असे. इ. स. २६ मध्ये तिथे दरड कोसळून काही सेवक दगावले, सम्राट वाचला.

जेवण अंड्यापासून सुरू होऊन फळांवर संपे. टोमॅटो, बटाटा, मका, मिरची यांपैकी काहीच नव्हते. ती सारी अमेरिकेची देणगी. चवीचा कणा म्हणजे ‘गारुम’, मासे व त्यांची आतडी मिठात मुरवून उन्हात आंबवलेला रस. आजचे आचारी त्याऐवजी इटलीतल्या चेतारा गावचा खारवलेल्या माशांचा अर्क वापरतात. सोबतीला मध, शिर्का आणि मिरी. अपिकिअस या रोमन खवय्याच्या नावावरील पाककृतिसंग्रहात मिरी बहुतेक पदार्थांत पडते. ती मलबारची, पिंपळी मात्र भडोचच्या बंदरातून जाई. पैठण आणि तेरचा माल बैलगाड्यांतून याच बंदरात उतरे. रोमन लेखक प्लिनीच्या नोंदीप्रमाणे एक रोमन पौंड काळ्या मिरीला ४ दिनार (रोमन चांदीची नाणी) पडत, पिंपळीला १५. लॅटिन ‘पिपेर’ हा शब्दही ‘पिप्पली’वरून आला आहे.

हे सारे थोड्यांचे. बहुमजली चाळींत राहणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरी चूलही नसे. ते रस्त्यावरच्या खानावळीत जेवत. पाँपेईत २०२० मध्ये अशी एक खानावळ उजेडात आली. तिच्या ओट्यात बसवलेल्या रांजणांत बदक, डुक्कर, बकरी, मासे व गोगलगाई यांचे अवशेष सापडले; दारूच्या एका रांजणाच्या तळाशी भरडलेला बाकला (एक कडधान्य) होता.