थ्रेड लॉकर की थ्रेड सीलंट? आधी भोक बघा

थ्रेड लॉकरची एक निळी किंवा लाल बाटली, आणि तिच्याशेजारी थ्रेड सीलंटची, पांढऱ्या मलमासारखं काहीतरी भरलेली ट्यूब. दोन्ही बोल्टच्या आट्यांना लावायच्या, त्यामुळे जे हाताला लागेल ते लावून बोल्ट आवळला जातो. मोटरसायकलच्या इंजिनावर ही सवय महागात पडते.

आटे कितीही नीट कापलेले असोत, बोल्ट आणि भोक यांच्यात बारीक फट राहतेच; ती नसती तर बोल्ट फिरलाच नसता. ही फट आट्यांबरोबर गोल गोल वर चढते. थरथरीत बोल्ट आडवा किंचित सरकत राहतो आणि हळूहळू सैल होतो, तो या फटीमुळे. दाबाखालचं तेल बाहेर झिरपतं तेही याच वाटेने. लॉकर पहिल्या दुखण्यावर आहे, सीलंट दुसऱ्यावर.

गोंधळ होतो कारण दोन्ही बहुधा एकाच जातीची रसायनं असतात. १९५३ मध्ये अमेरिकेतले रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी ज्यातून लॉकटाइट हा लॉकरचा प्रसिद्ध ब्रँड उभा केला, ती ही जात. हवा लागतेय तोवर पातळ राहायचं आणि दोन धातूंमध्ये कोंडल्यावर घट्ट व्हायचं, हा तिचा गुण. बाटली मुद्दाम पूर्ण भरत नाहीत, ती आत हवा राहावी म्हणूनच. घट्ट झाल्यावर मात्र वाटा वेगळ्या होतात. लॉकर कडक होऊन आटे जखडतो. सीलंटमध्ये बहुतेक वेळा टेफ्लॉनची पूड असते. ते फट बुजवतं, पण साध्या पान्याने सुटतं.

म्हणून बोल्टकडे नंतर बघा, आधी भोक कुठे उघडतं ते बघा. तळ बंद असेल तर गळायला काही नाही. प्रश्न फक्त सुटण्याचा. स्टार्टर क्लचचे किंवा कॅम स्प्रॉकेटचे बोल्ट इंजिनाच्या पोटात सुटले तर काय होईल हे सांगायला नको. तिथे मॅन्युअल लॉकर सांगत असेल तर तो टाळू नका. भोक आरपार जाऊन तेलाच्या वाटेत किंवा कूलंटमध्ये उघडत असेल, तर सीलंट. असा बोल्ट थरथरीतही असेल तर मध्यम ताकदीचा लॉकर पुरतो, कारण तो फटही बुजवतो. उलट चालत नाही: सीलंटच्या भरवशावर बोल्ट टिकेल असं समजू नका.

सीलंटची हक्काची जागा म्हणजे ऑइल प्रेशर स्विच, म्हणजे तेलाचा दाब कमी झाल्याचा इशारा देणारा स्विच. बऱ्याच इंजिनांत त्याचे आटे निमुळते असतात आणि आट्यांवरच तेल अडवावं लागतं. इथे टेफ्लॉन टेप गुंडाळण्याचा मोह होतो. माझं मत स्पष्ट आहे, गुंडाळू नका. टेपचा तुकडा सुटून तेलाच्या बारीक वाटेत अडकू शकतो, आणि एका तारेच्या स्विचला अर्थिंग त्याच्या अंगातूनच मिळत असल्याने टेप तिथेही आड येऊ शकते. सीलंट लावतानाही टोकाचा पहिला आटा कोरडा ठेवा. आणि जोर लावू नका: निमुळता आटा पाचरीसारखा अ‍ॅल्युमिनियमचं केस, म्हणजे इंजिनाचं बाहेरचं कवच, फोडतो.

ऑइल ड्रेन बोल्टला दोन्ही नको. तिथे तेल वायसर अडवतो. गळत असेल तर वायसर बदला.

रंगांबद्दल थोडं. साधारणपणे निळा मध्यम, लाल कडक. तरी बाटलीवरचा क्रमांक वाचा, कारण रंग सगळीकडे सारखे नसतात. लाल सोडवायला साधारण २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावं लागतं. केसमधल्या सहा मिलिमीटरच्या बोल्टला तो लावला, तर उघडताना बोल्ट तुटतो किंवा अ‍ॅल्युमिनियमचे आटे उपटून येतात. छोट्या बोल्टला निळाच.

दोन्हींसाठी आटे कोरडे आणि स्वच्छ हवेत. पेट्रोल मागे तेलकट थर ठेवतं, ब्रेक क्लीनर बरा. अ‍ॅल्युमिनियमवर ही रसायनं लोखंडापेक्षा सावकाश धरतात, तेव्हा शक्यतो २४ तास इंजिन सुरू करू नका. बंद तळाच्या भोकात लॉकर बोल्टला लावून बोल्ट फिरवला तर कोंडलेली हवा तो वर ढकलते; म्हणून थेंब भोकातल्या आट्यांवर सोडा. पण मोजकेच. तळाशी साठलेल्या द्रवाला जायला जागा नसते, आणि त्यावर बोल्ट आवळला तर केसला चीर जाऊ शकते.