कचरा डेपोजवळ घर बघताय? मग पहाटे पाचला जाऊन या

"डेपोपासून किती किलोमीटर लांब घेतलं म्हणजे सेफ?" हा प्रश्न नात्यातल्या, ऑफिसातल्या, सोसायटीतल्या लोकांनी मला इतक्यांदा विचारलाय की आता एकदा नीट लिहूनच टाकतो. विचारणारे बहुतेक पुण्याचे. नोकरी हडपसर-मगरपट्ट्यात, तिथले रेट बजेटमध्ये बसत नाहीत, मग फुरसुंगी, भेकराईनगर, उरुळी देवाची, हांडेवाडी असं एकेक करत शोध पुढे सरकतो आणि अचानक टू बीएचके परवडायला लागतो. त्यामागचं एक मोठं कारण सासवड रोडलगत आहे, उरुळी देवाची-फुरसुंगीचा कचरा डेपो. पुण्याचा कचरा तिथे कित्येक दशकं पडत आलाय. एजंट सांगतो, तीन किलोमीटर लांब आहे हो, काही त्रास नाही. लोक रविवारी सकाळी अकराला सॅम्पल फ्लॅट बघतात, बाल्कनीत उभं राहून हवा घेतात, वास येत नाही, टोकन देऊन मोकळे.

माझं म्हणणं असं की किलोमीटर हे माप घ्याच, पण ते शेवटी घ्या. आधी दोन गोष्टी बघा, घड्याळ आणि जमिनीचा उतार. २०१६च्या घनकचरा नियमांत लँडफिल, म्हणजे कचरा पुरायची जागा, वस्तीपासून, हायवेपासून आणि पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून २०० मीटर लांब असावं असं लिहिलं होतं, पण तो जागा निवडायचा किमान नियम होता, २०१ व्या मीटरला वास थांबतो असा त्याचा अर्थ काढू नका.

आधी डेपोतून बाहेर काय येतं ते थोडक्यात. ओला कचरा ढिगाखाली दाबला जातो, आतला ऑक्सिजन संपतो, मग ऑक्सिजनशिवाय जगणारे सूक्ष्मजीव कामाला लागतात आणि साधारण निम्मा मिथेन आणि त्याहून थोडा कमी कार्बन डायऑक्साइड असा गॅस तयार होतो. या दोन्हींना वास नाही. वास येतो तो उरलेल्या एक टक्क्याहून कमी गॅसेसचा, त्यात ठळक म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्यासारखा. तो अन्नातल्या प्रथिनांमधल्या गंधकापासून होतो आणि, हे फार लोकांना माहीत नसतं, प्लास्टर ऑफ पॅरिसपासूनही होतो. पीओपी म्हणजे कॅल्शियम सल्फेट. फॉल्स सीलिंग तोडल्याचा राडारोडा ओल्या कचऱ्यात मिसळला की सल्फेटवर जगणारे जीवाणू त्याचं हायड्रोजन सल्फाइड करतात. हवेच्या एक अब्ज भागांत या गॅसचे अगदी मोजके भाग असले तरी नाकाला कळतं. लोकांना वासाचा त्रास होऊ नये म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने दिलेली मर्यादा अर्ध्या तासाच्या सरासरीला घनमीटरमागे ७ मायक्रोग्रॅम इतकी कमी आहे.

आता माझा आवडता भाग, रात्रीची हवा.

डेपोतून गॅस दिवसा जेवढा निघतो साधारण तेवढाच रात्रीही निघतो. ढिगाच्या आत दिवस-रात्रीचा फारसा फरक पडत नाही. मग दुपारी वास नाही आणि पहाटे खिडकी उघडवत नाही, असं का? दुपारी ऊन जमीन तापवतं, जमीन लगतची हवा तापवते, तापलेली हवा वर चढते. वर चढताना दाब कमी होतो म्हणून ती पसरते आणि थंड होते, कोरडी हवा असेल तर दर किलोमीटरला सुमारे ९.८ अंश. आजूबाजूची हवा उंचीनुसार याहून जास्त वेगाने थंड होत असेल तर चढणारा हवेचा गोळा कायम शेजाऱ्यांपेक्षा गरम राहतो आणि चढतच जातो. उन्हाळ्यात दुपारी पुण्यावर हे ढवळणं दोन-अडीच किलोमीटर उंचीपर्यंत चालतं. म्हणजे डेपोच्या वासाला पसरायला दोन किलोमीटर उंचीचा हवेचा साठा मिळतो आणि तो पातळ होऊन जातो.

सूर्य मावळला की उलटं सुरू होतं. जमीन आपली उष्णता इन्फ्रारेडमधून आकाशात फेकत राहते, डिसेंबर-जानेवारीत आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असल्याने ती परतही फारशी येत नाही, त्यामुळे जमीन भराभर गार होते आणि तिला लागून असलेली हवाही. वरची हवा मात्र अजून उबदार. खाली थंड आणि वर गरम, यालाच तापमानाचं व्युत्क्रमण किंवा सरळ इन्व्हर्जन म्हणतात. आता एखादा हवेचा गोळा थोडा वर ढकला, तो थंड होतो, आजूबाजूला तर त्याच्याहून गरम हवा आहे, मग तो जड पडतो आणि परत खाली येतो. ढवळणं बंद. कढईवर झाकण ठेवावं तसं होतं, फक्त हे झाकण वीस-तीस मीटरांपासून शे-दीडशे मीटरपर्यंत कुठेही असू शकतं, आणि रात्रभरात निघालेला सगळा गॅस त्याखाली.

फरक किती पडतो? फ्रँक पास्क्विल नावाच्या ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये हवेच्या स्थिरतेचे ए ते एफ असे वर्ग केले, ए म्हणजे कडक उन्हातली खळबळती हवा आणि एफ म्हणजे निरभ्र रात्रीची थिजलेली. प्रदूषणाच्या हिशेबात ते आजही वापरतात. जमिनीलगतच्या एका बिंदूतून गॅस निघतोय असं धरा. एक किलोमीटर पुढे गेल्यावर ए वर्गात त्या गॅसच्या लोटाचा उभा पसारा, त्याला सिग्मा झेड म्हणतात, साधारण ४५० मीटर आणि आडवा म्हणजे सिग्मा वाय २०० मीटरच्या आसपास असतो. एफ वर्गात उभा पसारा सुमारे १४ मीटर आणि आडवा ३५. गॅसचं प्रमाण या दोन आकड्यांच्या गुणाकाराच्या व्यस्त प्रमाणात जातं, एकीकडे ९० हजार आणि दुसरीकडे ४९०, म्हणजे तेवढाच गॅस, तेवढंच अंतर, आणि फरक जवळजवळ १८० पट! वाऱ्याच्या वेगानेही भागायचं असतं आणि रात्री वाराही पडलेला, तो परिणाम वेगळाच. डेपो हा बिंदू नाही, कित्येक एकरांवर पसरलेला आहे, त्यामुळे प्रत्यक्षातला फरक याहून कमी भरतो, पण दिशा हीच. याच गणितातून असंही निघतं की एफ वर्गाच्या रात्री एक किलोमीटरवर, जमिनीपासून ३० मीटर उंचीवर, म्हणजे अंदाजे दहाव्या मजल्यावर, तळमजल्याच्या दहाव्या हिश्श्याएवढाच वास पोचतो. अर्थात कचऱ्याचा ढीगच तेवढा उंच असेल तर हे गणित कोलमडतं.

त्यात उताराची भर. थंड हवा जड, ती पाण्यासारखीच उताराने खाली जाते. उरुळी देवाची-फुरसुंगीचा भाग बघा, दक्षिणेला दिवे घाटाचे डोंगर, उत्तरेला मुळा-मुठा, म्हणजे जमीन ढोबळमानाने उत्तरेकडे उतरते. शांत रात्री डोंगरउतारावरची गार हवा हळूहळू नदीकडे सरकते आणि वाटेत जे असेल ते बरोबर घेऊन जाते. म्हणून डेपोच्या वरच्या अंगाला एक किलोमीटरवरचं घर कधी कधी खालच्या अंगाच्या तीन किलोमीटरवरच्या घरापेक्षा सुखी असतं. मुंबईत हेच काम खारे-मतलई वारे करतात. कांजूरमार्गचं डंपिंग ग्राउंड खाडीच्या कडेला, वस्त्या त्याच्या पश्चिमेला. दुपारी वारा समुद्राकडून येतो आणि वास खाडीपलीकडे जातो, रात्री वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहायला लागला की तोच वास विक्रोळी, भांडुपकडे वळतो, आणि तिथल्या लोकांच्या तक्रारी रात्रीच्या-पहाटेच्याच असतात.

अजून एक बारीक गोष्ट सांगतो, मला ती फार भारी वाटते. आपल्या उष्ण कटिबंधात हवेचा दाब दिवसातून दोनदा वर-खाली होतो, सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास जास्त, दुपारी आणि पहाटे चारच्या सुमारास कमी. ही वातावरणाची भरती-ओहोटीच आहे. बाहेरचा दाब उतरला की जमिनीत आणि ढिगात साठलेला गॅस जास्त बाहेर ओढला जातो. म्हणजे रात्री दहा ते पहाटे चार, नेमकी हवा थिजलेली असताना, ढीग गॅस थोडा जास्त सोडतो. ही रात्रीची घट दोनेक मिलिबारचीच, फार नाही. पण दाब खूप घसरला तर काय होतं ते इंग्लंडमधल्या लॉस्को गावात दिसलं. २४ मार्च १९८६ला तिथे सात तासांत दाब २९ मिलिबारने पडला, जुन्या लँडफिलमधला मिथेन खडकाच्या भेगांमधून सुमारे ७० मीटरवरच्या एका बंगल्याखाली पोचला आणि स्फोटात बंगला जमीनदोस्त झाला, तिघं गंभीर जखमी झाली. हवेत मिथेन ५ ते १५ टक्के असेल तर ठिणगी पुरते. तीन किलोमीटरवर याची भीती नाही, पण डेपोच्या भिंतीलाच लागून बेसमेंट पार्किंगवाली स्कीम असेल तर मी तरी घेणार नाही.

दिशांचा विषय निघालाच आहे तर एक बोलतो. लोक वास्तुवाल्याला हजारो रुपये देतात, तो सांगतो दार पूर्वेला हवं आणि ईशान्येला जड वस्तू नको, आणि डिसेंबरच्या पहाटे वारा कुठून येतो हे कोणी विचारतही नाही. ही दिशा फुकट कळते, अगरबत्ती लावून धूर कुठे जातो बघा. तसंच मोबाइलवरच्या एक्यूआयचं, म्हणजे हवेच्या गुणवत्तेच्या आकड्याचं. आपल्या राष्ट्रीय एक्यूआयमध्ये आठ प्रदूषकं मोजतात, त्यात हायड्रोजन सल्फाइड नाही आणि मिथेनही नाही. आकडा हिरवा असूनही नाक धरावं लागू शकतं. ब्रोशरमधल्या 'ऑक्सिजन पार्क'ने आणि बाल्कनीतल्या चार कुंड्यांनी तर काहीच होत नाही.

मग कळणार कसं? हिवाळ्यात पहाटे चार ते सहा या वेळात दोन-तीनदा जाऊन या, आणि पहिल्या पावसानंतर एकदा. तिथे राहणाऱ्याला "वास येतो का" एवढंच विचारून भागत नाही, कारण सतत एकच वास असला की नाक थोड्या वेळात तो नोंदवणं सोडून देतं आणि माणूस मनापासून नाही म्हणतो. सुट्टीवरून परत आल्यावर कसं वाटतं ते विचारा. त्याहून चांगलं म्हणजे एरियातल्या एसी दुरुस्तीवाल्याला गाठा. हायड्रोजन सल्फाइड तांब्याला आणि चांदीला खातो, एसीच्या तांब्याच्या कॉइल लवकर लीक होतात, चांदीचे दागिने काळे पडतात. मालाडला चिंचोली बंदरच्या जुन्या डंपिंगवर ऑफिसं उभी राहिली तेव्हा तिथले कॉम्प्युटर आणि एसी बंद पडायला लागले, ती बातमी अनेकांना आठवत असेल. सांडपाण्याचा उघडा नालाही हाच गॅस सोडतो, तेव्हा जवळपास नाला आहे का तेही बघा.

तब्येतीचं काय, हे विचारलंच जातं. इटलीत रोमच्या आसपासच्या लाझिओ भागात नऊ लँडफिलच्या ५ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या सुमारे २.४२ लाख लोकांचा अभ्यास २०१६ मध्ये छापून आला. ज्यांच्याकडे हायड्रोजन सल्फाइड जास्त पोचत होता त्यांच्यात फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू आणि श्वसनाच्या आजारांमुळे, विशेषतः मुलांचं, हॉस्पिटलमध्ये भरती होणं जास्त आढळलं. ब्रिटनमधल्या २००१च्या अभ्यासात तर ८० टक्के जनता कुठल्या ना कुठल्या लँडफिलच्या दोन किलोमीटरच्या आत राहते असं निघालं, आणि बाळांमधला जन्मजात व्यंगाचा आणि कमी वजनाचा धोका वाढलेला दिसला तो अगदी थोडा. म्हणजे घाबरून पळण्यासारखं नाही, पण घरात दमा असलेलं लेकरू असेल तर दोन लाखांच्या बचतीसाठी डेपोच्या उताराखाली घर घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय आग लागली तर सगळा हिशेबच बदलतो. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईतलं देवनारचं डंपिंग पेटलं तेव्हा धूर उपग्रहाच्या फोटोंत दिसला होता आणि आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या.

"डेपो दोन वर्षांत बंद होतोय, मग भाव बघा" हे एजंटचं आवडतं वाक्य. कचरा टाकणं बंद झालं तरी आतलं कुजणं पुढे कित्येक वर्षं चालू राहतं, म्हणूनच २०१६च्या नियमांत बंद केल्यावरही किमान १५ वर्षं देखरेख सांगितली होती. मुलुंडचं डंपिंग २०१८ला बंद झालं, जुना कचरा उकरून चाळून वेगळा करायचं काम, ज्याला बायोमायनिंग म्हणतात, ते त्यानंतर वर्षानुवर्षं चाललं. ते चालू असताना ढीग उघडा पडतो आणि वास काही काळ वाढतोसुद्धा. काम चांगलंच आहे, फक्त तुमच्या पझेशनच्या तारखेशी त्याची सांगड घालू नका.

आणि पाणी. वासापेक्षा मला याची काळजी जास्त वाटते, कारण वास कळतो तरी. ढिगातून झिरपणारं काळं पाणी म्हणजे लीचेट, ते मुरुमातून खाली उतरतं आणि आपल्या काळ्या कातळाच्या भेगांमधून पुढे जातं, कुठल्या भेगेतून किती लांब हे वरून सांगता येत नाही, मात्र भूजलही बहुधा उतारानेच जातं. फुरसुंगी-उरुळीच्या विहिरी अशाच खराब झाल्या. ही गावं डेपोच्या आधीपासूनची, त्यांनी जागा निवडलेली नव्हती, आणि शहराच्या कचऱ्यापायी त्यांच्यावर टँकरची वेळ आली. गाड्या अडवून आंदोलनं केली ती उगाच नाही. नव्या सोसायटीत बोअर किती खोल आहे याला फारसा अर्थ नाही, त्या पाण्यात काय आहे ते बघा. टीडीएस मीटर विरघळलेल्या क्षारांचा एकूण आकडाच दाखवतो, त्याच्यावर विसंबू नका, लॅबमधून क्लोराइड, अमोनिया आणि नायट्रेट तपासून घ्या. पिण्याच्या पाण्यासाठी लिटरमागे क्लोराइड २५० मिलिग्रॅम, अमोनिया अर्धा मिलिग्रॅम आणि नायट्रेट ४५ मिलिग्रॅम ही बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची मर्यादा आहे. क्लोराइड मातीत अडकत नाही आणि कुजतही नाही, त्यामुळे लीचेट आलंय का याचा माग त्याच्यावरून छान लागतो. एक बाटली सोसायटीच्या बोअरची आणि एक डेपोच्या वरच्या अंगाच्या एखाद्या विहिरीची, दोन्ही एकाच दिवशी एकाच लॅबला द्या आणि दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून वाचा. बोअरचं क्लोराइड वरच्या विहिरीच्या काही पट निघालं तर टोकन परत मागा.